पिंजऱ्यापुढचे तायडे सर

तायडे सरांशी वाद घालून कुणी जिंकलं असेल तर त्यानं माझ्या घरी यावं, मी त्याला पुरणपोळीचं जेवण घालीन. इतकी वर्षं झाली, अजून कुणी आलेलं नाही. आम्ही एकाच हायस्कुलात शिकवायचो. ते शास्त्र, मी मराठी. एकाच टेबलावर डबे उघडायचो आणि रोज काही ना काही निमित्तानं भांडायचो. कुणी नुसतं "आज ऊन लय हाये" म्हटलं, तरी सर चष्म्याच्या वरून पाहायचे आणि विचारायचे, "कशावरून? पुरावा द्या." घ्या! घाम पुसणाऱ्या माणसानं पुरावा कुठून आणायचा? मग कुणीतरी चिडून खिडकीबाहेर बोट दाखवायचं आणि सरांचे खांदे हलायला लागायचे. मोठ्यानं हसणं त्यांना जमत नसे, हसू आलं की नुसते खांदे हलायचे.

उंच, सावळा, काटकुळा माणूस. पांढरा बुशशर्ट, खिशाला कायम खडूची भुकटी. सायकल होती, पण तिच्यावर बसलेलं मी त्यांना क्वचितच पाहिलं. हातात धरून चालवत न्यायचे. "सायकलवर बसलं की मानूस फक्त समोरचा रस्ता पाह्यते," म्हणायचे. "पायी चाललं की आजूबाजूचं दिसते." मग घेतलीच कशाला, असं मी एकदा विचारलं. "बायकोचा हट्ट," म्हणाले. डब्यात ज्वारीची भाकर, बेसन आणि हिरव्या मिरच्या. मिरची अशी कचाकचा खायचे की बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं.

मूळचे रिठदचे. छप्पन साली त्यांच्या घरानं बौद्ध धम्म घेतला, तेव्हा ते कॉलेजात शिकत होते. आमच्या शाळेत आले ते पहिल्याच दिवशी चहासाठी स्वतःचा पितळी पेला घेऊन, कुणी काही बोलायच्या आत. पुढं दिवस बदलले, शाळेच्या कपातला चहा त्यांच्यापुढंही येऊ लागला, तरी पेला सुटला नाही. "सर, आता कायले हा पेला?" मी विचारलं. "सवय," म्हणाले. न आवडणारा विषय ते असा एका शब्दात संपवायचे.

गावाचं नाव मी सांगणार नाही. गाववाले अजून आहेत, आणि मला त्यांच्यातच राहायचं आहे. मालेगावहून वाशीमकडं जाताना थोडं आत, एवढं पुरे. तेव्हा वाशीम जिल्हा झालेला नव्हता, आम्ही सारे अकोल्याच्याच हिशेबात. गाव लहान आणि हौस मोठी. आमचे सरपंच एकदा मुंबईला जाऊन राणीची बाग पाहून आले आणि त्यांच्या डोक्यात भरलं, की आपल्याही गावात जनावरांची बाग पाहिजे. पंचायतीची जागा होतीच, आमच्या मळ्याला लागून. आम्ही माळी. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, तिथं कोबी, मेथी, वांगी असायची आणि भाजी मालेगावच्या बाजारात जायची. कुंपणापलीकडं एके दिवशी लोखंडी गज रोवले गेले.

जनावरं जमली ती अशी. एका शिकारी देशमुखानं हौसेनं पाळलेली चितळं त्याची हौस फिटल्यावर पंचायतीला दिली. माकडं पकडून आणली. मोर कुणीतरी भेट दिले. एका अंधाऱ्या खोलीत काचेची पेटी ठेवून वर पाटी लावली, "मत्स्यालय". त्यातले मासे मरायचे, आणि बागेचा राखणदार किसन बाजारातून भोयांकडचे जिवंत मासे आणून पेटीत सोडायचा. गावातल्या निम्म्या लोकांना हे ठाऊक होतं. तरी बाजाराच्या दिवशी रांग लावून, काचेला नाक लावून मासे पाहायचे, आणि बाहेर येऊन तेच मासे विकत घ्यायचे!

आणि मुन्नी. मुन्नी हे अस्वल. एक दरवेशी दरवर्षी जत्रेला तिला घेऊन यायचा. एका वर्षी तो तापानं फणफणला आणि आमच्याच गावात गेला. मागं कुणी नाही. मुन्नी झाडाला बांधलेली, खायला-प्यायला तयार होईना. सरपंच म्हणाले, आणा बागेत. बागेला अस्वल मिळालं आणि सरपंचांची छाती फुगली.

सर सुरुवातीला या बागेच्या बाजूनं होते, हे सांगायला हवं. पोरांना चित्रातलं जनावर दाखवण्यापेक्षा जितं दाखवलेलं बरं, असं ते ग्रामसभेत उठून बोलले होते. वर्गच्या वर्ग बागेत घेऊन जायचे. मी मळ्यातून ऐकायची. "अस्वल काय खाते? उधई. मोहाचे फुलं. मध. नखं कायले लांब असते त्याचे? वारूळ उकराले. आता मागं उभे राहा, त्याले बी श्वास घेऊ द्या." पोरं मागं सरायची नाहीत. पण सर रंगात यायचे. त्या गजांपुढं त्यांचा आवाज वर्गातल्यापेक्षा मोठा निघायचा.

मग उन्हाळा आला. सकाळची शाळा, पोरांच्या सदऱ्यांची बटणं उघडी. हजेरी घेता घेता सरांना दिसलं, की एकेकाच्या गळ्यात काळा दोरा आहे आणि दोऱ्यात ताईत. विचारलं तर पोरं खुशीत सांगायला लागली. अस्वलाचा केस! आमच्याकडं जुनी समजूत आहे, लेकरू झोपेत दचकत असेल, भीत असेल, तर अस्वलाचा केस ताईतात घालून गळ्यात बांधायचा. पूर्वी दरवेशी वर्षातून एकदा यायचा, तेव्हा आया केस घेऊन ठेवायच्या. आता अस्वल बारा महिने गावात. बाजाराला आलेल्या बाया लेकरांना काखोटीला मारून थेट पिंजऱ्याकडं यायच्या. किसनला बिडीचं बंडल दिलं की तो तोंड फिरवायचा. मुन्नी माणसाच्या हातचं खायला सवकलेली, गुळाचा खडा दाखवला की अंग गजांना लावून उभी राहायची. एका हातानं गूळ, दुसऱ्या हातानं केस.

त्या दिवशी सर शाळा सुटल्यावर बागेत गेले. इतके दिवस आपण तिच्या पुढ्यात उभे राहून तोंडाकडंच पाहत होतो, हे त्यांना तेव्हा कळलं. दोन्ही कुशी उघड्या पडलेल्या. जागोजाग खपल्या, त्यांवर माशा.

"मी पोरायले अस्वल दाखवाले नेलं, बाई," दुसऱ्या दिवशी डबा न उघडता ते म्हणाले. "अन् पोरं शिकले काय? का केस कुठून उपटाचा."

"त्यात बागेचा काय दोष?" मी म्हटलं. "किसनला काढा. जाळी लावा."

"जाळी लावली तर काठीनं उपटतीन."

मला ते अतीच वाटलं. पण सरांनी स्वतः खटपट करून जाळी लावून घेतली, आणि महिना उलटायच्या आत कुणीतरी काठीच्या टोकाला बाभळीचे काटे बांधून आणले. जाळीतून काठी आत, आणि ओढ. आबांनी पाहिलं. आबा कधी कुणाला अपशब्द न बोलणारा माणूस, त्या दिवशी कुंपणावरून अशा शिव्या घातल्या की आई घरातून धावत आली.

स्टाफरूममध्ये हा विषय आता रोजचा झाला. आमच्यात एक वयानं मोठे शिक्षक होते. एकदा ते समजूतदारपणाचा आव आणून म्हणाले, "तायडे, तुमचा जीव तुटणारच. कोंडून ठेवणं म्हणजे काय, गावाबाहेर असणं म्हणजे काय, हे तुमच्या लोकांनी भोगलं आहे."

सरांनी पेला खाली ठेवला. इतक्या सावकाश ठेवला, की मी घाबरले.

"मले अस्वलासंगं जोडू नका," ते म्हणाले. "मी मानूस हावो. कोंडनाराच्या जातीचा. म्हनूनच मले लाज वाटून राह्यली. तुमाले वाटत नाई, थे तुमचं तुमी पाहा."

पुढं कितीतरी दिवस त्या दोघांचं बोलणं बंद होतं. मला मात्र त्या दिवशी सरांचा इतका अभिमान वाटला, की घरी येऊन मी आबांना दोनदा सांगितलं.

यानंतरची गोष्ट सरांनी स्वतः सांगितली म्हणून मला ठाऊक. त्यांना उशिरा झालेली एक मुलगी होती, सुजाता. चारेक वर्षांची, बारीक अंगाची. रात्री दचकून उठायची आणि ओरडत सुटायची. वच्छलाबाई, म्हणजे सरांची बायको, तिला मांडीवर घेऊन रात्र रात्र बसायच्या. एका रविवारी सर तिला आंघोळ घालत होते, आणि सदरा काढला तर गळ्यात काळा दोरा. ज्या घरातून देव, गंडे, ताईत सगळं स्वतःच्या हातानं बाहेर काढलं, त्या घरात. मुन्नीचाच केस!

सरांनी दोरा कापला. त्या रात्री पोर दचकली. दुसऱ्या रात्रीही दचकली. तिसऱ्या दिवशी वच्छलाबाईंनी एवढंच म्हटलं, "दोरा होता तवा झोपत होती."

"आता काय करू, सांगा," सर मला म्हणाले. वाद घालायच्या आवाजात नव्हे, खरंच विचारत होते. "मी लोकायले म्हनतो, पुरावा द्या. माह्या घरात माही बायको मले पुरावा देऊन राह्यली. तिले मी कितीबी सांगतलं, का योगायोग हाये, वय वाढलं की पोरगी आपोआप झोपीन. थे म्हनते, तोवर?"

"मग?"

"मंग काय. आई कोनाची आयकत नसते. तिनं आयकू बी नाई. पन तिच्या हाताच्या अंतरावर अस्वलच नाई पायजे. हे बागच नाई पायजे, बाई. इथलीच नाई, कुठलीच."

त्या दिवसापासून माणूस झपाटल्यासारखा झाला. बाजाराच्या दिवशी पिंजऱ्यापुढं उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचे. लोक हसायचे. मुन्नी उभ्या उभ्या डावीकडून उजवीकडं झुलत असायची, आणि बाया लेकरांना म्हणायच्या, पाह्य, नाचून राह्यली. सर ओरडायचे, "नाचत नाई थे! डोकं फिरलं तिचं! तुमाले एका खोलीत कोंडलं तर तुमी बी असेच झुलसान!" एकदा एक बाई तान्हं लेकरू घेऊन आली आणि हातच जोडून उभी राहिली. सर, एकच केस घेऊ द्या, लेकरू दूध टाकून राह्यलं. सरांनी तिला दवाखान्यात जायला सांगितलं. तिनं सरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सर मान खाली घालून ऐकत राहिले, पण गजांपुढून हलले नाहीत.

त्यात पाऊस रुसला. विहिरी आटल्या, आमचा मळा अर्धा वाळला. मालेगावकडच्या डोंगराच्या पायथ्याशी दुष्काळी काम निघालं, तलावाचं. आजूबाजूच्या खेड्यांतले लोक तिथं माती खणायला जाऊ लागले. आणि इतके दिवस सर ओरडत होते ते ऐकू न आलेल्या गावाला एकदम कळवळा आला. मानसाले प्याले पानी नाई अन् मोराले हौद भरून ठेवता? ग्रामसभा बोलावली. बाग बंद करा म्हणणारे आता ढिगानं निघाले. सरांना त्यांचं कारण पटत नव्हतं, पण कारण कोणतं का असेना, दार उघडत होतं.

विरोध झाला तो भजेवाल्याचा, कारण त्याची गाडी बागेपुढं लागायची. आणि एक बाई म्हणाली, "मंग आमच्या लेकरायनं जनावर पाह्याचं कुठं?"

"नाई पाह्यलं तर नाई पाह्यलं," सर म्हणाले. "मी आजवर समुद्र नाई पाह्यला. त्याच्यानं समुद्राचं काई अडलं काय?"

सभा हसली. तेवढ्यात आबा उठले. आबा सभेत कधी बोलत नसत.

"सर, बाग बंद करा, मी नाई म्हनत नाई. पन दार उघडल्यावर थे जातीन कुठं?"

"जंगलात."

"कोनत्या जंगलात? आपल्या डोंगरावर तर या साली गवताची काडी नाई."

"जनावर आपलं पाहून घेते, आबा. थे जनावर हाये."

आबा खाली बसले. सगळ्यांकडं पुरावा मागणारा माणूस, पण त्या दिवशी सरांकडं कुणी पुरावा मागितला नाही. ठराव झाला. दुसऱ्या दिवशी सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. त्या मोठ्या शिक्षकांनाही दिला. इतकं खुशीत मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

माकडं सोडली ती गावातच राहिली आणि आमच्या उरल्यासुरल्या मळ्यात घुसू लागली. मोर झाडावर गेले, मग दिसेनासे झाले. मत्स्यालयातले मासे किसननं घरी नेले, त्याबद्दल कुणी त्याला विचारलंही नाही. चितळं तेवढी पंचायतीनं बैलगाड्यांतून डोंगरावर नेऊन सोडली. सर सोबत गेले होते. चितळं आधी हलेनात, मग एक उडी मारून गेलं, मागोमाग बाकीची. सर परत आले आणि मला म्हणाले, "बाई, थे कशी उडी मारते, हे मी आज पाह्यलं. इतके दिवस पोरायले काय दाखवत होतो मी?" त्यांचे डोळे भरले होते, आणि ते लपवायचंही त्यांच्या लक्षात नव्हतं.

आठवडा गेला नसेल. दुष्काळी कामावर असलेली आमच्याकडची एक बाई आईशी बोलत बसली होती. सहज बोलता बोलता म्हणाली, कामावर हरणाचं मटन खाल्लं. कुठून? तर म्हणे आपल्या पायानं आले. आमी माती खनून राह्यलो, अन् थे डोंगरावरून खाली उतरले, असे पुढ्यात येऊन उभे. पळले बी नाई.

पळतील कशाला? जन्मभर माणूस दिसला म्हणजे कोबीचा पाला आला, एवढंच त्यांना ठाऊक. तो पाला आम्हीच टाकायचो कुंपणावरून, मी आणि आबा. माणसं पाहून ती खाली उतरली.

सरांना सांगायला मी गेले, कारण दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये असं वाटलं. ते ऐकून सायकल घेऊन निघाले, आणि त्या दिवशी मात्र सायकलवर बसून निघाले. कामावर जाऊन आले. तिथं खुरं पाहिली, शिंगं पाहिली. मला वाटलं होतं, आता हा माणूस आकाशपाताळ एक करील. पण ते सायकल भिंतीला टेकवून खाली बसले.

"भुकेल्या मानसाले काय म्हनाचं?" ते म्हणाले. "पोट्टे होते थ्यायचे बाजूले. हाडं चोखत होते. मी चितळं सोडले नाई, बाई. मी वाढून ठेवले."

मुन्नी तेवढी राहिली होती. जंगलखात्याचा माणूस येऊन पाहून गेला. त्यानं तिचं तोंड उघडून दाखवलं. दरवेश्यानं दात कधीच पाडलेले, नाक वेसणीनं फाटलेलं. हिला जंगलात सोडलं तर ही पहिल्या दिसेल त्या गावात शिरेल, म्हणाला, आणि लोक काठ्यांनी मारतील. त्याला सरांशी वैर नव्हतं, खरं तेच सांगत होता.

आता बघा या माणसाची गत. बाग बंद करा म्हणून ज्यानं जिवाचं रान केलं, तोच आता पंचायतीच्या दारात, की मुन्नीचा पिंजरा मोडू नका, राखणदार काढू नका, खाणं बंद करू नका. गावाला तर फुकटचा तमाशा मिळाला. "सर, तुमचं एक काय थे ठरवा ना बाप्पा! चालू का बंद?" भजेवाला चौकात बसून विचारायचा. राखणदार गेलाच. मग सरच सकाळ-संध्याकाळ भाकरी आणि गूळ घेऊन यायचे, आबा विहिरीतलं उरलेलं पाणी शेंदून द्यायचे. आमच्या मिरच्या वाळून चालल्या होत्या, पण आबांनी अस्वलाचं पाणी तोडलं नाही. वच्छलाबाई भाकऱ्या थापून द्यायच्या, हेही सांगितलं पाहिजे.

एकदा संध्याकाळी मी त्यांना सरळच विचारलं. मला राग आला होता, कुणाचा ते सांगता येत नाही, पण आला होता. "सर, शेवटी तुमचं म्हणणं काय? अशा बागा असाव्यात का नसाव्यात?"

ते पिंजऱ्याला पाठ लावून बसले होते. आत मुन्नी झुलत होती.

"नसाव्यात," म्हणाले. "पन एकदा केल्या का मंग बंद करता येत नाई. सुरूच नोती कराची. सुरू केली तवा मीच टाळ्या वाजवल्या."

मोठ्या शहरातल्या बागेशी कुणी कुणी बोलणं केलं, आणि ती मुन्नीला घ्यायला तयार झाली. शहराचं नाव घेत नाही. तिथल्या लोकांनी वाईट केलं असं मला म्हणायचं नाही. ट्रक आला. मुन्नी पेटीत जाईना. गूळ ठेवला, केळी ठेवली, काही नाही. शेवटी सर पेटीत आधी स्वतः शिरले, पाठीमागच्या फळीपर्यंत गेले, आणि तिथून तिला बोलावलं. ती गेली. सरांना मागची फळी काढून बाहेर घ्यावं लागलं. आबा कुंपणाशी उभे होते. पागोट्याच्या शेवानं डोळे पुसत होते आणि मला म्हणत होते, धूळ लय हाये. सर ट्रकच्या मागं, पेटीजवळच बसून गेले. ड्रायव्हरनं पुढं बसायचा आग्रह केला तो ऐकला नाही.

परत आल्यावर मी विचारलं, कसं आहे तिथं?

"मोठं हाये. झाड हाये, पान्याचा हौद हाये. अजून अस्वलं हायेत."

"म्हणजे बरं आहे तर."

"पिंजरा मोठा हाये," ते म्हणाले आणि उठून वर्गावर गेले.

त्यानंतर शाळेतले वाद मिटले. मी मुद्दाम काहीतरी तिरकं बोलून पाहायची, की सर पेटतील. ते मान डोलवायचे. "असन," म्हणायचे. तायडे सरांनी "असन" म्हणावं! मला रडू यायचं. पोरं प्रश्न विचारायची नाहीत म्हणून पूर्वी चिडणारा माणूस, आता पोरांनी विचारलं तर पुस्तकाचं पान सांगायचा. सुजाता मोठी होत गेली आणि तिचं दचकणं आपोआप थांबलं. सरांचंच खरं ठरलं होतं, पण त्यांनी ते वच्छलाबाईंना किंवा आम्हाला, कुणालाही बोलून दाखवलं नाही. पुढं त्यांनी कामरगावच्या शाळेत बदली मागून घेतली. निरोपसमारंभाला हार घालून घेतला, चार शब्द बोला म्हटलं तर हात जोडले.

काही वर्षांनी आमच्या शाळेची सहल त्याच मोठ्या शहरात गेली. आबा तेव्हा खाटेवर होते, कमरेतून अधू झालेले. निघताना त्यांनी मला दोनदा बजावलं, मुन्नीले पाहून ये, कशी हाये थे सांग. मुलं वाघ बघायला धावली आणि मी आधी अस्वलांकडं गेले. खोल खड्डा, भोवती कठडा, आत तीन-चार अस्वलं. एक माणूस नळीनं फरशी धुऊन वर आला होता. मी गावाचं नाव सांगून विचारलं, आमच्याकडून आलेली कोणती?

"थे?" तो म्हणाला. "थे तर आली त्याच हिवाळ्यात मेली, बाई. बाकीचे अस्वलं तिले खाऊ देत नोते. दात नोते ना तिले. कोपऱ्यात बसून राहे." मग नळी गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "तुमच्याकडचे एक सर येते ना नेहमी. थ्यायले मी तवाच सांगतलं होतं. तरी येते. तिकीट काढते, दुपारभर उभे राह्यते अन् जाते. थे पाहा, आज बी आले."

पलीकडच्या बाजूला कठड्याशी तायडे सर उभे होते. केस पांढरे झालेले, बुशशर्ट अंगावर सैल. मी जवळ गेले तरी त्यांना कळलं नाही. हाक मारली तेव्हा दचकून वळले.

"बाई! तुमी इथं?"

"सहल घेऊन आले. आबांनी मुन्नीला पाहून ये म्हटलं आहे."

"आबा कसे हायेत?"

"खाटेवर आहेत. कमरेनं गेले."

सरांनी खड्ड्यात बोट दाखवलं. झाडाच्या सावलीत एक थोराड अस्वल पाय पसरून बसलं होतं, केळ्याचं साल चघळत.

"थे पाहा. थेच आपली मुन्नी," ते म्हणाले. "मजेत हाये इथं. आबाले सांगजा."

मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मी म्हटलं, "सांगते, सर. चांगली दिसते."

"चांगलीच हाये," ते म्हणाले, आणि दोन्ही हात कठड्यावर ठेवून त्या दुसऱ्याच अस्वलाकडं पाहत राहिले.